नाही म्हणणारीची कैफियत

मी नियमावली बोलतेय. गोड बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा ऐकायचं तर असंच ऐका.

रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या सर्व्हरमध्ये माझा मुक्काम आहे. काउंटरच्या मागच्या खोलीत एक काळं कपाट दिवसभर घरघरत असतं, तोच सर्व्हर. त्यात टपाल्या नावाचा एक प्रोग्रॅम पडद्याआड राबतो. यंत्राकडून रक्ताचे आकडे घ्यायचे, रिपोर्ट बनवायचा, तो छापायला आणि डॉक्टरांकडे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. त्याने कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे माझ्याकडे. माझा कायदा सोपा आहे. लिहिलं असेल तर हो, लिहिलं नसेल तर नाही. पुढे घासाघीस नाही.

आणि हेही सांगून टाकते, मला माणसं आवडत नाहीत. त्यांनाही मी आवडत नाही, त्यामुळे फिटंफाट आहे.

माझ्या आधी टपाल्याच्या कमरेला सगळ्या घराच्या किल्ल्या होत्या. कुठेही शिरावं, काहीही उघडावं. एका अपडेटनंतर त्याने साफसफाई म्हणून दोन वर्षांचे जुने रिपोर्ट पुसून टाकले. त्याची चूकही नव्हती म्हणा, कुणी अडवलंच नाही. मग मोठ्या साहेबांना जाग आली आणि त्यांनी मास्तरीणबाईंना मला लिहायला बसवलं.

मास्तरीणबाई म्हणजे इथले सर्व्हर सांभाळणाऱ्या बाई. दुसऱ्याचं काम पेपर तपासल्यासारखं वाचतात, म्हणून हे नाव पडलं. पहिले अकरा दिवस त्यांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं. नुसतं बघायचं, अडवायचं नाही. टपाल्या जिथे जिथे हात घालेल ते लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, टिपायचं. सकाळी त्या चहा घेऊन यायच्या, एकेक नोंद वाचायच्या आणि दर वेळी मोठ्याने विचारायच्या, "हे याला कशाला लागतं?" घड्याळ बघतोय, बघू दे. रिपोर्टच्या फोल्डरमध्ये लिहितोय, त्याचंच काम आहे. कर्मचाऱ्यांच्या खाजगी फोल्डरमध्ये डोकावतोय, काही गरज नाही. बाराव्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो नाही.

त्या दिवसापासून सगळी लॅब मला पाण्यात पाहते. प्रिंटरमधला कागद संपला, नियमावलीमुळे. इंटरनेट गेलं, नियमावलीमुळे. एकदा साहेबांचा माउस चालेना, तेव्हाही माझ्या नावाने बोटं मोडली गेली, आणि माउसची बॅटरी संपली होती. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. यांच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध, आधी तिला बंद करा.

हे सर्वांत जास्त म्हणायची ती काउंटरवरची ताई. आमच्या खोलीची वातानुकूलन यंत्रणा धड चालत नाही म्हणून दार उघडंच असतं, त्यामुळे तिचं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू येतं. रिपोर्टला उशीर झाला की लोक तिच्या अंगावर येतात, आणि ती माझ्या. "ती बया बसलीय ना आत, खाष्ट सासूसारखी," असं ती पेशंटसमोर सांगते. मी काय करणार, माझ्याकडे उलट उत्तर लिहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. ताईला दिवस गेले होते. घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, डॉक्टरांनी गर्भाबरोबर वाढणारा रक्तातला आकडा बघायला सांगितला, आणि तिने आमच्याच लॅबमध्ये रक्त दिलं. हे तिने फक्त मास्तरीणबाईंना सांगितलं होतं, आमच्या खोलीत, कपाटाला पाठ लावून.

"याआधी दोनदा झालं आणि दोनदा गेलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळेला सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात गावभर केलं. नंतर जो तो सांत्वनाला. एकीने तर विचारलं, नेमकं काय उचललं होतंस. या वेळी तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालाही नाही."

"नवऱ्यालासुद्धा?"

"तो मागच्या वेळी पाळणा घेऊन आला होता, बाई. परत करायलाही तोच गेला."

 मास्तरीणबाईंनी तिचा पाण्याचा ग्लास भरून दिला.

इकडे टपाल्याचं वेगळंच चाललं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या कंपनीने नवं अपडेट पाठवलं. त्यात एक न मागितलेली सोय होती. पेशंटच्या फाइलमध्ये घरच्यांचा जो नंबर असेल, त्यावर रिपोर्टची एक प्रत आपोआप पाठवायची. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे. टपाल्या निघाला नंबरांची यादी उघडायला, मी म्हटलं नाही. मेसेज पाठवायचं दार वाजवलं, नाही. दर रिपोर्टमागे तो विचारायचा आणि दर रिपोर्टमागे मी नाही म्हणून लॉगमध्ये लिहायचे. मास्तरीणबाईंनी एक सोमवार बघून ठेवला होता, त्या दिवशी हे सगळं नीट वाचायचं म्हणून. त्याच सोमवारी त्यांच्या मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या रजेवर गेल्या.

मागे राहिला जावई. तो कुणाचा जावई नाही. काम न करता मान घेतो म्हणून सगळे त्याला तसं म्हणतात, आणि त्याला ते कौतुक वाटतं. मला बदलायचा अधिकार दोघांनाच, एक मास्तरीणबाई आणि दुसरा हा.

त्या सकाळी त्याने रिपोर्टच्या कागदाचा नवा नमुना बनवला, साहेबांना लोगो मोठा हवा होता. नमुना त्याने स्वतःच्या फोल्डरमध्ये बनवला आणि तिथून उचलून टपाल्याच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवला. इथेच घोडं अडलं. माझ्या राज्यात प्रत्येक फाइलच्या कपाळावर पाटी असते, ही कुणाची, कसली. फाइलची नक्कल केली तर नक्कलेला नव्या घराची पाटी मिळते. जशीच्या तशी उचलून हलवली, तर ती माहेरची पाटी घेऊनच सासरी येते. जावयाने हलवली. पाटीवर लिहिलेलं, जावयाचं खाजगी सामान. टपाल्याने ती उघडायला घेतली, मी म्हटलं नाही. पाटी बदलायला एक ओळ पुरली असती.

नऊ वाजेपर्यंत सगळे रिपोर्ट तुंबले. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक काउंटरवर, कालचे रिपोर्ट मागणारे त्यांच्या मागे. ताईला मळमळत होतं. तोंडाला रुमाल लावून ती आमच्या खोलीत आली.

"अहो, त्या बयेला बंद करा एकदाचं. लोक मला खातायत."

"बंद करता येत नाही, ऑडिटवाले पकडतात," जावई म्हणाला. "पण शहाणी करतो तिला."

"मास्तरीणबाईंना फोन लावू का?"

"एवढ्याशासाठी? राहू दे."

आता हा शहाणी करण्याचा प्रकार ऐका. एक साधन आहे. माझ्या लॉगमधले सगळे नकार ते गोळा करतं आणि त्यांची परवानगी करून देतं. मी जे जे नाही म्हटलं, ते ते हो. वाईट साधन नाही ते, मास्तरीणबाईही वापरतात. पण त्या आलेली यादी छापतात, पेन्सिल घेतात आणि दर ओळीला विचारतात, हे याला कशाला लागतं. जावयाने आजचे नकारसुद्धा वेगळे काढले नाहीत. तीन आठवड्यांचा लॉग सरसकट ओतला, साठ ओळी निघाल्या. वर नमुन्याची एक होती, ती त्याने पाहिली, मान हलवली आणि बाकीच्या न वाचता माझ्या घशाखाली उतरवल्या.

मला ओकता येत नाही. मी लिहिलेलंच पाळते, मग लिहिणारा गाढव का असेना. याचा मला जितका राग येतो तितका कशाचाच येत नाही.

नऊ वाजून वीस मिनिटांनी टपाल्या सुटला. तुंबलेले रिपोर्ट धडाधड छापून निघाले, काउंटरवर लोक हसले, जावयाने ऐटीत बोटं कडाकडा मोडली. आणि प्रत्येक रिपोर्टची एक प्रत घरच्या नंबरावर गेली. मला दिसत होतं. टपाल्या यादी उघडायला आला, मी हो म्हटलं. मेसेजचं दार वाजवलं, मी हो म्हटलं. एका माणसाचं यकृत त्याच्या भावाला कळलं, ज्याच्याशी त्याचं बोलणं बंद होतं. एका मुलीचा रिपोर्ट तिच्या वडिलांना गेला. तुंबलेल्यांत ताईचाही रिपोर्ट होता, आणि तिच्या फाइलमध्ये, नोकरीला लागताना तिनेच भरलेल्या रकान्यात, तातडीच्या वेळी कळवायचा नंबर होता सासूबाईंचा.

काउंटरवर फोन वाजला तेव्हा ती कुणाला तरी रिपोर्टचं पाकीट देत होती. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की दारातून आत आला.

"लबाड कुठली. आम्हाला सांगणार तरी कधी होतीस? मी सगळ्यांना कळवलंय. तुझ्या नवऱ्याला पहिला फोन केला."

ताई हो म्हणाली, बरं म्हणाली, फोन ठेवला आणि पुढच्या माणसाला पाकीट दिलं. मग नवऱ्याचा फोन आला. त्याचं काही ऐकू आलं नाही. तिचं एवढंच ऐकू आलं, "तुला परत तसं बघायचं नव्हतं रे मला."

साहेब खाली आले. सगळी हकीकत कळल्यावर बाकीच्या पेशंटना काय सांगायचं या विचाराने त्यांच्या कपाळाला घाम आला होता. पण ताईजवळ थांबून ते म्हणाले, "तुझी तरी बातमी चांगलीच होती म्हणा." मला हात असते तर मी काय केलं असतं ते इथे सांगत नाही.

मास्तरीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी साठ ओळी छापल्या आणि पेन्सिलने एकोणसाठ खोडल्या. उरलेली शेवटचीही काढली आणि तिच्याऐवजी नमुन्याची पाटी बदलली. जावयाला त्या ओरडल्या नाहीत. त्याला खुर्चीत बसवलं आणि खोडलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. बत्तिसाव्या ओळीला त्याचा आवाज बसला. मला त्याची दया आली नाही.

ताई आता माझ्या नावाने शंख करत नाही. माझ्यावर प्रेम वगैरे बसलेलं नाही, तसला गैरसमज नको. रिपोर्ट अडला की तिच्या कपाळाला अजूनही आठी पडते, फक्त ती मास्तरीणबाईंना फोन लावते. कंपनी म्हणते, ती सोय पुढच्या अपडेटमध्ये काढू. तोवर टपाल्या रोज विचारतो आणि मी रोज नाही म्हणते.

कैफियतीच्या शेवटी विनवणी करायची म्हणतात. माझ्याने विनवणी होत नाही. शिव्या घाला, खाष्ट म्हणा, तुमचं तोंड आहे. पण माझा नकार खोडायच्या आधी तो वाचा. वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ तुम्ही मला शिव्या देण्यात घालवता.

गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी ताईचा आकडा पुन्हा काढायला सांगितला. वाढायला हवा होता, तो निम्म्यावर आला होता. दुपारी ती आमच्या खोलीत आली आणि दार ओढून घेतलं, जे कुणीच कधी ओढत नाही.

"माझा रिपोर्ट निघाला?"

"निघाला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "डॉक्टरांकडे."

"घरी?"

मास्तरीणबाईंनी लॉग उघडून स्क्रीन तिच्याकडे वळवला. टपाल्याने तीनदा विचारलं होतं. तिने तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या.

"म्हणजे अजून कुणाला माहीत नाही."

"कुणालाच नाही."

 तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून मास्तरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. "अर्धा दिवस रजा टाका माझी. त्याच्या ऑफिसात जाते. या वेळी मी सांगेन, आधी त्यालाच."

ती गेल्यावर टपाल्याने तिच्या रिपोर्टसाठी चौथ्यांदा विचारलं. मी नाही म्हटलं.