सातवा थेंब

चोवीस खळग्यांच्या पट्टीतला प्रथिनाचा सातवा थेंब सकाळी गढूळ झाला होता. काल सहावा झाला, परवा पाचवा. झाकणं चिकटवलेली होती आणि पट्टीला कुणी हात लावला नव्हता.

दोघी बहिणींतली थोरली इथे प्रथिनांचे स्फटिक वाढवायची; तिला कारण कळायला वेळ लागला नाही. स्फटिक धरत नसला की मांजरीच्या मिशीचा केस जुन्या स्फटिकावरून ओढायचा आणि नव्या थेंबांत ओळीने टेकवायचा, म्हणजे चिकटून आलेल्या कणांवर नवा स्फटिक धरतो, ही त्या प्रयोगशाळेतली रीत. मागच्या आठवड्यात तिने तोच केस आधी घरच्या प्रथिनावर वापरला होता.

घरचं म्हणजे आजी, मामा आणि आईचं. दोनशेहून जास्त अमिनो आम्लांची माळ, त्यात एकच आम्ल वेगळं. तेवढ्याने एक ऋणभार गेला, समोरच्या धनभाराशी असलेली पकड सुटली आणि माळ भलतीच दुमडली. मग जी धड माळ शेजारी आली, तीही तशीच दुमडायची. तिघांचीही झोप एक्कावन्नाव्या वर्षी गेली होती, मागोमाग जीवही.

केस तिने उकळून, स्पिरिटने पुसून घेतला होता. पण मरायला ते जिवंत कुठे होतं? तो नुसता एक आकार होता. थेंबांत त्याच प्रथिनाची धड माळ होती; पहिल्या थेंबाला त्यातला जास्त मिळाला, पुढच्यांना कमी कमी, म्हणून ते एकेक करून गढूळ होत चालले होते.

दुपारी धाकटी बहीण डबा घेऊन आली.

"थेंबांकडे बघतेस तेवढं माझ्याकडे बघ जरा. भावजींचीही हीच तक्रार आहे."

"त्यांना तक्रारीशिवाय येतं काय?"

धाकटीने हसत डबा टेबलावर ठेवला. "डॉक्टरांचा पुन्हा फोन आला होता. आईचा दोष आपल्यात आलाय का, त्या तपासणीला तीन वर्षं झाली, ताई. उघडायची तर दोघींच्या निकालाची पाकिटं एकदम, असं तूच वदवून घेतलंस. मला मूल हवंय, त्याआधी कळायला हवं. अडतिसावं लागलं मला."

"जेवू तर दे."

जेवण झालं. थोरलीने हात पुसले, रुमाल टेबलावर ठेवला. धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. चारही कोपरे आत वळवलेले, त्यावर तिरकी घडी, टोक खाली खोचलेलं.

"ही घडी कुठे शिकलीस?"

"कसली घडी?"

"आई शेवटच्या चार महिन्यांत अशी घालायची. टॉवेल, चादरी, कागदसुद्धा. तू तेव्हा परदेशात होतीस."

"तुझी बघून घातली असेन."

"मी नाही गं घालत अशी."

थोरलीने रुमाल उलगडून सपाट केला आणि मुद्दाम साधी, चौकोनी घडी घालायला घेतली. बोटांनी आधी कोपरे आत वळवले. तिने पुन्हा उलगडला. पुन्हा तेच.

धाकटीने तिचा हात धरून ठेवला. हात गार होता.

"नीट झोपतेस ना गं?"

थोरलीने रुमालाकडे पाहिलं. हात मात्र सोडवून घेतला नाही.

"लाव फोन डॉक्टरांना," ती म्हणाली. "दोन्ही उघडा म्हणावं. आधी माझं."