काळा होतो तोच बरा होतो

मित्रांनो, मी चांदीचं एक जुनं नाणं आहे आणि अस्सल आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मध्यंतरी माझ्यावरून एका बहीण-भावाचं बोलणं बंद व्हायची पाळी आली होती. मला तोंड असतं तर मीच मध्ये पडलो असतो. तोंड आहे म्हणा, पण ते राजाचं आहे आणि तो कायम एकाच बाजूला बघत बसतो.

माझा जन्म टांकसाळीतला. चांदीच्या पट्टीतून मला गोल कापलं, दोन पोलादी ठशांमध्ये ठेवलं आणि असा दणका दिला की राजा, साल आणि कडेचे बारीक दाते एकदमच उमटले. त्या वेळी वरच्या ठशाला नुकताच तडा गेला होता. त्याची केसासारखी रेघ राजाच्या कानामागे माझ्या अंगावर आली. तडा लक्षात येताच ठसा मोडीत निघाला, त्यामुळे माझी भावंडं अगदी मोजकी आहेत. उगाच भाव खात नाही, आहे ते सांगतो.

पुष्कळ हातांतून फिरून मी एका घड्याळजीकडे आलो. त्याला माझी किंमत कळली. त्याने मला फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळून कामाच्या टेबलाच्या खणात ठेवलं. तिथे मी सावकाश काळा पडलो आणि मला ते आवडलंही. त्याला दोन मुलं होती. थोरल्या ताईला पुसापुशीचं भारी वेड, म्हणून घरात तिला सगळे ‘चकाचक’ म्हणायचे. धाकटा भाऊ शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा घरातला रेडिओ कोणीतरी मागून उघडला आणि तो कायमचा मुका झाला. रोज त्याला फडकं मारायची ती ताई, मग दुसरं कोण असणार? घड्याळजीने तिलाच बदडलं. खरा उद्योग कोणाचा, हे मला ठाऊक होतं. पण राजा गप्प.

वर्षं गेली. ताई दवाखान्यात नर्स झाली, भावाने पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. घड्याळजीने जाताना मला ताईच्या हाती दिलं आणि म्हणाला, “दोघांचं आहे, पण सांभाळ तू.” तिने मला जिवापाड जपलं. पुढे एकदा भाऊ म्हणाला, “ताई, बाबांचं नाणं आण ना, पोरांना दाखवू.” आणि तिथेच घात झाला. भावाकडे काळंकुट्ट नाणं कसं न्यायचं, म्हणून तिने दंतमंजन घेतलं, जुना ब्रश घेतला आणि मला असं घासलं की राजाचे गाल खपाटीला गेले.

भावाने मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं.

“हे आपलं नाही. आपलं काळं होतं.”

“अरे, मी घासलंय ते!”

“ताई, विकलं असशील तर विकलं म्हण. पण हे नवं कोरं नाणं माझ्या गळ्यात मारू नकोस.”

ताईचा चेहरा उतरला. आयुष्यात तिने कुणाच्या काडीला हात लावला नव्हता. मला फार वाईट वाटलं. पण ती रडत बसली नाही. तिने पर्स उचलली. “चल, तपासून घेऊ. तुझ्यासमोर.”

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर नाणी पारखणाऱ्या एक बाई बसत. त्यांनी मला कडांना धरून उचललं, आणि तेवढ्यावरूनच मी निर्धास्त झालो. आधी तराजू.

“वजन जरासं कमी आहे,” बाई म्हणाल्या.

“बघ!” भाऊ म्हणाला.

“घासल्याने झिजलंय. कोणी केला हा पराक्रम?”

ताईने मान खाली घातली. मग बाईंनी चुंबक जवळ आणलं. मी ढिम्म हललो नाही. शेवटी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि खिडकीकडे वळल्या. राजाच्या कानामागे त्या बराच वेळ थांबल्या.

“ही रेघ पाहा. ओतीव नकलेत ही बोथट येते, भोवती छिद्रं दिसतात. इथे कशी धारदार आहे! आणि अक्षरांच्या खाचांत जुना काळेपणा अजून बसलाय, ब्रश तिथवर पोचला नाही. नाणं अस्सल आहे.”

मला काही नवल वाटलं नाही. ताईने मात्र डोळे पुसले. भाऊ अजून अडूनच होता.

“अस्सल असेल. पण आमचंच कशावरून?”

“ते मी कसं सांगू?” बाई म्हणाल्या. “एक खोड मात्र आहे. कडेचे दाते इथे चेपलेत. कोणीतरी याचा स्क्रू फिरवायला वापर केलाय. चांगला मोठा स्क्रू असणार, जुन्या रेडिओच्या मागे असायचा तसा.”

भावाने भिंग मागून घेतलं. ती खाच त्याने पाहिली आणि त्याचे कान लाल झाले. ही खाच कुणाला माहीत होती? एक त्याला आणि एक मला.

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे रेडिओ तू उघडला होतास?”

“हो.”

“आणि मार मी खाल्ला.”

“हो.”

“पुसत होते म्हणून. आणि आज चोर ठरले, तेही पुसलं म्हणून.”

“दोन्ही वेळा मीच गं ताई,” तो म्हणाला. त्याने बाईंकडून कागदाचं पाकीट मागून घेतलं, मला आत सरकवलं आणि ताईच्या हातात दिलं. “तूच ठेव. आणि घरी चल, पोरांना रेडिओची गोष्ट सांगायचीय मला. तुझ्यासमोर.”

मित्रांनो, तुम्हाला कधी जुनं नाणं सापडलं तर त्याला घासू नका. कडांना धरा, कोरड्या जागी ठेवा आणि त्याला सुखाने काळं पडू द्या. आणि शंका आली तर आधी तपासा, मग तोंड उघडा. नाण्याची झीज भरून येत नाही हे मी स्वतःवरून सांगतो.

आता दर रविवारी भाऊ ताईकडे येतो, पाकीट उघडतो आणि विचारतो, “किती काळं झालं?” फडकं ताईच्या खांद्यावरच असतं. ती एकदा माझ्याकडे बघते, एकदा फडक्याकडे, आणि जाऊन खिडकीच्या काचा पुसते.