घरातला सुतारपक्षी

"काका, डोळे मिटा बघू. आणि चोरून बघायचं नाही हं!"

टर्नरकाकांनी डोळे मिटले. मिटले काय नि उघडे ठेवले काय, त्यांच्या लेखी आताशा फारसा फरक उरला नव्हता. पण हे त्या टेबलाभोवतीच्या कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ नये म्हणून तर काकांचा मघापासून आटापिटा चालला होता.

"हा पहिला कीबोर्ड," टेबलापलीकडची बाई म्हणाली; पेशाने ती दातांची डॉक्टर. खट्, खट्, खट्. "हा दुसरा." टप्प, टप्प. "आणि हा तिसरा, माझा लाडका." तिसऱ्याचा आवाज काकांना आलाच नाही, कारण शेजारच्या टेबलावर कोणीतरी त्याच वेळी आपला कीबोर्ड बडवायला घेतला होता. "ओळखा आता. क्लिकी कुठला, टॅक्टाइल कुठला, लिनिअर कुठला?"

काकांना इथे घेऊन आलेल्या, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दाढीवाल्याने वाटेत हे सगळं दोनदा समजावलं होतं. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली एक इवलासा स्विच असतो. दाबला की टिचकी मारल्यासारखा वाजतो तो क्लिकी, वाजत नाही पण बोटाला अडखळ लागते तो टॅक्टाइल आणि मुकाट्याने सरळ खाली जातो तो लिनिअर. काकांनी मान डोलावली होती आणि इथला जिना चढेपर्यंत त्यातलं अर्धं विसरून गेले होते.

"पहिला लिनिअर," काकांनी ठोकून दिलं. "दुसरा क्लिकी. तिसरा... उरलेला."

तिन्ही चूक. टेबलाभोवती हशा पिकला आणि काकाही सगळ्यांबरोबर हसले.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारचा हा कीबोर्डवेड्यांचा मेळा भरला होता. चांगली शिकलीसवरलेली, नोकरीधंद्याची माणसं आपापला कीबोर्ड काखोटीला मारून आली होती आणि एकमेकांचे कीबोर्ड कान लावून ऐकत होती. कोणी काही लिहीत नव्हतं, नुसतंच वाजवत होतं. दाढीवाला एका उंच माणसाशी हमरीतुमरीवर आला होता.

"अहो, हा आवाज कसा, जड दार हळूच लागल्यासारखा!"

"दार कसलं, उशीत बुक्की मारल्यासारखा आहे. भरदार म्हणतात तो हा, ऐका."

काकांना दोन्ही सारखेच वाटले. त्यांचा जन्म कारखान्यात लेथवर गेला होता. यंत्र नीट चालतंय की कुरकुरतंय एवढं कान सांगायचा, पण चाललेल्या आवाजाला कोणी भरदार नि लोण्यासारखा म्हणत बसलं नव्हतं. कुठे येऊन पडलो, असं त्यांना झालं.

आले होते ते बायकोच्या कीबोर्डपायी. ती घरी बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेली टिपणं ऐकून टाइप करायची. कानाला हेडफोन, पायाखाली आवाज मागे नेणारं पेडल आणि पुढ्यात मुलीने घेऊन दिलेला हा वजनदार कीबोर्ड. हल्ली त्याला खोड लागली होती. "अहो, बघा ना जरा," ती म्हणायची. "एकदा दाबलं की दोनदा उमटतंय. डॉक्टर म्हणतात दोन गोळ्या, माझ्याकडे होतात बावीस! माझ्या हातून एखाद्याचा जीव जायचा."

"बघतो," काका म्हणायचे. घरातला नळ, पंखा, घड्याळ, सगळं आजवर त्यांनीच दुरुस्त केलेलं. पण कीबोर्ड उलटा करून टेबलावर घेतला की नेमकं जिथे बघायचं तिथेच धूर जमायचा. कडेचं दिसायचं, मधलं नाही. 'बघतो'चे आठवडे झाले, आणि नवरा निवृत्त होऊन आळसावलाय असं तिने समजून घेतलं. काकांना तो समज सोयीचा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळू, असं ते म्हणाले होते. घरी येऊन काकांनी सांगितलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय." खोटं बोलायची त्यांना हौस नव्हती. त्यांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा याच बायकोने चांगली चाललेली नोकरी सोडली होती आणि आई जाईपर्यंतची वर्षं तिच्या उशाशी बसून काढली होती. आता कुठे तिने पुन्हा स्वतःचं काम धरलं होतं. काम संपवून उठली की तिच्या चालण्यातसुद्धा तोरा असायचा. नवऱ्याला दिसत नाही हे कळलं असतं तर तिने त्याच दिवशी हेडफोन कपाटात टाकले असते. एका माणसाच्या उशाशी बसली तेवढं पुरे झालं, असं काकांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि तसं त्यांचं निभत होतं, ते त्या कीबोर्डच्या जिवावर. पूर्वी याच आवाजाने त्यांचं डोकं उठायचं. "घरात सुतारपक्षी पाळलाय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. डोळे विझत गेले तसा तोच सुतारपक्षी त्यांच्या कामी यायला लागला. टकटक चालू म्हणजे बायको खुर्चीत. ती थांबली तरी कशासाठी थांबली ते काकांना कळायचं. औषधाचं नाव अडलं की थोडं थांबायची आणि मग एकेक अक्षर टिपायची. पेडलने आवाज मागे नेताना आणखी जरा थांबायची. आणि चष्मा काढून डोळे चोळायला लागली, की तो थांबा सगळ्यात मोठा. तो आला की काका चहाचं आधण ठेवायचे, आणि तिला वाटायचं नवरा मनकवडा आहे.

"काका, तुमचा पेशंट घ्या टेबलावर," दातांची डॉक्टर म्हणाली. तिने चिमट्याने दोन-तीन बटणं उचकटून आतले स्विच पाहिले. "अर्धे दात किडलेत की हो! सगळेच काढूया. हे उपटून बदलता येतात, सोल्डरची झाळबिळ तोडावी लागत नाही. कसले बसवू?"

"होते तसेच," काका घाईने म्हणाले. "आवाज होता तसाच राहू दे."

"म्हणजे क्लिकी. सोप्पं आहे. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर डबे मांडलेत, त्यातला निळ्या दांड्यांच्या स्विचचा तेवढा उचलून आणा. तोवर मी हे उपटते. रविवारीसुद्धा माझ्या नशिबी हेच!"

काका कोपऱ्यात गेले. टेबलावर पारदर्शक डबे ओळीने मांडलेले होते आणि काकांना ते सगळेच राखेच्या रंगाचे दिसत होते. त्यांनी मान तिरकी करून कडेने पाहिलं, डबा उजेडाकडे धरून पाहिला. दाढीवाला पलीकडे आपलं जड दार लावण्यात गुंग होता. यातला निळा कुठला हो, एवढंच कोणालातरी विचारायचं होतं. पण धडधाकट माणूस असं विचारतो का? खिडकीजवळचा एक डबा त्यांना इतरांपेक्षा जरा निळसर वाटला. देवाचं नाव घेऊन त्यांनी तो उचलला.

"अरे, विचार बदललात?" डॉक्टरने डबा उघडला. "हे तर जांभळे, सायलेंट. अगदी मुके. काकूंसाठी का? शांत बरं वाटेल म्हणून?"

हाच तो क्षण होता. अहो, चुकून उचलला, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण चुकून कसा, निळा आणि जांभळा कळत नाही का, असं ती सहज विचारणार, आणि दाढीवाला ते घरी जाऊन काकूंना सांगणार.

"हो तर," काका म्हणाले. "तिला शांत बरं."

मुका म्हणजे असून असून किती मुका असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. एवढ्या टकटकाटात नव्या स्विचचा आवाज आला नाही, यात त्यांना काही विशेष वाटलं नाही.

घरी बायकोने कीबोर्ड जोडला. काका स्वयंपाकघरात ओट्याला टेकून कान देऊन उभे राहिले. काहीच नाही.

"अगं, लाव ना," त्यांनी हाक दिली.

"लावला की! कधीची टाइप करतेय." ती उठून दारात आली. "अहो, कसला शांत झालाय! डॉक्टरांचं पुटपुटणंसुद्धा कसं स्वच्छ ऐकू येतंय. आणि दोनाचे बावीस व्हायचे बंद. इतके दिवस बघतो बघतो म्हणत होतात, पण केलंत बाई शेवटी!" संध्याकाळी मुलीला फोन करून तिने ते पुन्हा सगळं सांगितलं. बाबांनी माझ्यासाठी मुद्दाम मुका करून आणला म्हणाली.

त्यानंतर घरात नुसता गोंधळ माजला. काका चहा घेऊन जायचे तर तिचं काम ऐन रंगात आलेलं असायचं. नाही न्यावा तर ती कधीची उठून स्वतःच ओट्याशी उभी असायची आणि काका तिच्यावर जाऊन आदळायचे. ती खोलीत आहे म्हणून इकडे बोलावं, तर उत्तर गच्चीच्या जिन्यातून यायचं. "भूत बघितल्यासारखं काय दचकता हो?" ती हसायची. ओळखीच्या घरात काका परक्यासारखे भिंतीला हात लावून चालायला लागले, आणि तिने पाहिलं की भिंतीवरची धूळ तपासल्यासारखं करायचे.

एकदा त्यांनी धीर करून विषय काढला. "जुनाच बरा होता, नाही?"

"आता हो काय! इतकी वर्षं सुतारपक्षी सुतारपक्षी म्हणून माझा जीव कोणी खाल्ला?"

दाढीवालाही जिन्यात भेटून पाठ थोपटून गेला. "काका, काकूंचा आता आवाजच येत नाही वर. झकास काम झालं!"

"झकास," काका म्हणाले. त्यांना त्या वेळी मोठ्याने ओरडावंसं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी ते अंदाजाने चहा घेऊन खोलीत गेले. खिडकीतून उन्हं आत आली होती आणि उजेडापुढे तिची उंच पाठीची खुर्ची होती, तिच्यावर तपकिरी शाल. डाव्या हाताने टेबलाची कड चाचपून त्यांनी कप ठेवला. तिच्या कानात हेडफोन असताना तिच्या पाठीमागे उभं राहून बोलायची त्यांना हल्ली सवय लागली होती. तिला ऐकू जात नाही हे बरं होतं. मनातलं बोलूनही व्हायचं आणि बिघडायचंही नाही काही.

"चहा ठेवलाय," ते म्हणाले. "वेळ चुकली असेल तर रागावू नकोस. पूर्वी कशी बरोबर साधायची. तू टकटक थांबवलीस की मला कळायचं." ते जरा थांबले. "तो डबा मी मुद्दाम नाही गं उचलला. निळा आणायला गेलो आणि जांभळा घेऊन आलो. रंग कळत नाहीत आता. डॉक्टर म्हणाला, गेलं ते गेलं. तुझे केस दिसतात, कानातलं दिसतं, मधला चेहरा तेवढा दिसत नाही. पण तू काम सोडायचं नाहीस. मी करतो कसंतरी. तुझा आवाज तेवढा पाहिजे होता."

मागे, दाराशी, लाकडी चिमटा पडावा तसं काहीतरी फरशीवर टिचकलं.

"कोण?" काका वळले.

काकांनी हात लांब करून खुर्चीला लावला. हाताला नुसती शाल लागली.

"मी," बायको म्हणाली. "कपडे काढायला गेले होते गच्चीवर."

"कधी आलीस?"

"आत्ताच."

पण चिमटा पडला होता तो काकांचं बोलणं संपता संपता. काकांचे कान तापले. कपड्यांचा ढीग पलंगावर पडल्याचा आवाज झाला. ती त्यांच्या अंगावरून पुढे आली, शाल बाजूला केली आणि खुर्चीत बसली. चहाचा घोट घेतला. हेडफोन तिने कानाला लावले नाहीत.

मग तिने टाइप करायला सुरुवात केली. बोटांनी नव्हे, जणू मुठींनी. धप्, धप्, धप्. टेबल हादरलं आणि बशीत कप किणकिणायला लागला.

"अगं, मोडेल तो!"

"मोडू दे." ती मागे वळली नाही. "तुम्ही स्वयंपाकघरात जा. तिथे ऐकू येतं का ते सांगा."

काका गेले. या वेळी भिंतीला हात लावताना त्यांनी धूळ तपासल्याचं सोंग केलं नाही. स्टुलावर बसले आणि कान दिला.

"येतंय का?" आतून हाक आली.

"येतंय," काका म्हणाले.

धप् धप् चालू राहिली. मग मधेच थांबली. औषधाचं नाव अडलं असेल म्हणावं तर हा थांबा त्याहून मोठा होता. पेडलचा नव्हता, चष्म्याचाही नव्हता. इतक्या वर्षांत काकांनी असा थांबा कधी ऐकला नव्हता आणि चहा ठेवावा की उठून आत जावं, त्यांना काही कळेना. ते तसेच, आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत, कान देऊन बसून राहिले.