मिशीवाल्या मुनींचा कौल

या, असे पुढं सरका. टाळ मांडीवर ठेवा घटकाभर. आज देवाच्या नावानं दुकान मांडणाऱ्या एकाची गोष्ट सांगतो. ऐकून तुमची भक्ती तसूभर जरी कमी झाली, तर भर कीर्तनात माझा कान धरा.

दोन हजार तीन साल. हिंगोलीकडच्या गोरेगावचा बाजार भरलेला, पण भाजीवाल्यांपुढं चिटपाखरू न्हाई. सगळी गर्दी मत्स्यानंद महाराजांच्या मांडवात. महाराज गादीवर, आणि पुढ्यात काचेच्या पेटीत बोटभर लांबीचे दोन मासे. तोंडाला मिशा, अंगावर ठिपके, सारा वेळ तळाशी.

"मासे म्हणू नका रे! हिमालयातले मुनी हायेत. खाली बसून तप करतात. सवाल टाका. मुनी वर आले, की काम फत्ते!"

मग महाराज मूठभर अंगारा पाण्यात सोडत, गादीखाली हात घालत आणि डोळे मिटत. त्याबरोबर पाण्यातले बुडबुडे बंद. "मुनींनी श्वास रोखला!" मग चेल्यांचं लांबलचक भजन. इतकं बेसूर, की देव आधीच मांडव सोडून गेला असावा. भजन संपता संपता एक मुनी सुर्रकन वर येई, पाण्यावर तोंड मारी आणि खाली जाई. की जयजयकार!

एकदा तर मुनींनी डोळा मारला. दुसऱ्या कुणी भर बाजारात मारला असता तर चपला खाल्ल्या असत्या. हा मात्र आशीर्वाद ठरला.

पेटीत वीतभर लांबीचा आणखी एक मासा होता. तो मुनींच्या शेपट्या कुरतडायचा. महाराज म्हणत, द्वारपाल आहे.

"अन् मुनींच्या मिशा काहून झडल्या?" तांड्यावरच्या थावरानं विचारलं.

"तुमच्या पापानं!"

लोक एकमेकांकडं संशयानं बघू लागले.

त्याच तांड्यावरची रुख्मिणीबाई. तिच्या दिपाला दमा. आधीच्या बाजारी मुनी वर आले, म्हणून महाराजांनी पोरीचा औषधाचा फवारा काढून घेतला आणि पेटीवर ठेवला. "दमा गेला. फवारा परत नेशील तर लेकरू गमावशील."

आज ती माय पोरीला कडेवर घेऊनच आली. दिपाच्या छातीत शिट्टी वाजत होती, दोन शब्द धड बोलवत नव्हते.

"बाबाजी, लेकराला लई तकलीफ हाय."

"रोग बाहेर येऊन राहिला, माय."

गर्दीत शाळेच्या आकांक्षाबाई होत्या. विज्ञान शिकवायच्या, घरी हेच मासे पाळायच्या. त्या तरातरा पुढं आल्या.

"रुख्मिणीबाई, फवारा घ्या आधी."

"बाई, कौल मोडला तर? एकच लेकरू हाय मला."

बाईंनी पाण्याकडं पाहिलं. अंगारा पडलेला, बुडबुडे बंद, भजन नुकतंच संपलेलं. "मग मी पण सवाल टाकते. मुनी महाराज, हे मत्स्यानंद लबाड आहेत काय?"

सुर्रकन मुनी वर!

मागून थावरा ओरडला, "मुनी व्हय म्हणले!"

"थांबा. हे मत्स्यानंद सच्चे आहेत काय?"

दुसरा मुनी वर.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "मुनी दोन्हीकडून साक्ष देतात काय?"

हशा उसळला. महाराज गरजले, "नास्तिक बाईमुळं मुनी कोपले!" पण रुख्मिणीबाई हसत नव्हती. पोरीला सावरत ती पेटीपाशी गेली, हात पुढं केला आणि म्हणाली, "बाबाजी, माह्या लेकराचा फवारा द्या."

महाराज हलले नाहीत. तिनं तो स्वतः उचलला. बाईंनी दिपाला नीट बसवून औषध ओढायला लावलं. शिट्टी जरा बसली, तशी जीपमधून दोघींना हिंगोलीच्या दवाखान्यात धाडलं. पोरगी वाचली.

इकडं थावरानं गादी उलटली. खाली हवेच्या पंपाचं बटण! हा कोरीडोरास जातीचा मासा पाण्यात हवा कमी पडली की वर येऊन घोट घेतो, तोच कौल. डोळा तो खाली वळवतो, तोच आशीर्वाद. मिशा झडल्या टोकदार खडीनं आणि तळातल्या घाणीनं. पाप असलंच तर महाराजांचं. द्वारपालासह महाराज सेनगावच्या जीपला लोंबकळून पसार झाले.

मुनी बाईंच्या घरी गेले. तिथं मऊ बारीक वाळू, दर आठवड्याला थोडं ताजं पाणी, तळाशी बुडणारं खाणं, आणि शेजारी छोटे गरीब स्वभावाचे मासे. हा मासा जातभाईंच्या घोळक्यात रमतो, म्हणून बाईंनी आणखी चार आणले. मिशा पुन्हा फुटल्या. वर मात्र अजूनही येतात कधीमधी, कुणी काही विचारलेलं नसताना.

बाबांनो, हात जोडा, नाम घ्या, मी पण घेतो. पण छातीत शिट्टी वाजली तर डॉक्टरकडं जा. अन् कुणी चमत्कार दाखवला तर उलटा सवाल टाकून बघा. खऱ्या देवाला त्याचा राग येत न्हाई.

आणि एक मागणं. आकांक्षाबाईंना सारं ठाऊक होतं. रुख्मिणीबाईला काही एक ठाऊक नव्हतं. लेकरू जाईल, हीच भीती मनात होती. तरी भरल्या मांडवात तिनंच हात पुढं केला. आज आरती घेताना त्या माउलीची आठवण काढा.