भोंग्याच्या आठ ओळी

बसस्थानकावर माइक होता, पण नावालाच. खिडकीतून मान बाहेर काढून भोंग्याने एकदा गाडीचं गाव पुकारलं, की शेवटच्या फलाटावर पेंगणारा प्रवासीसुद्धा पिशवी सावरत उठायचा. एकतीस वर्षं त्याने हेच काम केलं. खरं नाव पगाराच्या कागदावर राहिलं, बाकी सगळ्यांसाठी तो भोंगा. दर नाताळाला चर्चमध्ये प्रभूच्या जन्माचं वाचन करायचा मानही त्याचाच, आणि तेही माइकशिवाय.

बायको अगदी दुसऱ्या टोकाची. हळू बोलणारी, मोजकं बोलणारी. त्यातून पहाटे उठल्यापासून प्रार्थना संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं तिचं लग्नाआधीपासूनचं व्रत. भोंग्याची थोरली बहीण, आक्का, म्हणायची, "देवाने जोडी बरोबर जमवली. एकाला थांबता येत नाही, एकीला सुरू होता येत नाही!"

आठ महिन्यांपूर्वी भोंग्याला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, वाचा मात्र गेली. पुरती गेली असती तर एक वेळ परवडलं असतं. काय म्हणायचंय ते त्याला लख्ख कळायचं, पण जिभेवर भलतंच यायचं. चहा हवा असला की "चप्पल" म्हणायचा, आणि बायकोने खरोखरच चपला आणून पायाशी ठेवल्या की कपाळाला हात लावायचा. शब्द अडला की एक गोष्ट मात्र जुन्या खणखणीत आवाजात बाहेर पडायची.

"च्यायला!"

"त्यांचा दोष नाही," दवाखान्यातल्या, बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "शिव्या आपसूक निघतात, शब्द शोधावा लागतो. रोज सराव करून घ्या. तुम्ही म्हणायचं आणि त्यांनी तुमच्याबरोबर म्हणायचं. मागून नाही हं, बरोबर. सोडून दिलंत तर आलंय तेवढंही जाईल."

त्याने सोडून दिलं. त्याला कारण झालं चर्चच्या पाळकसाहेबांचं येणं. नाताळाला पंधरवडा राहिला होता. खुर्ची ओढून ते म्हणाले, "वाचन यंदाही तुमचंच. आठ ओळी फक्त. काय?" भोंग्याने 'मला नाही जमणार' असं म्हणायला तोंड उघडलं आणि पाळकसाहेबांच्या तोंडावर च्यायला आदळली. ते हसून उठले, पाठीवर थोपटून गेले. पण भोंग्याने दवाखान्यातून दिलेली सरावाची चित्रं गादीखाली सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. तो मुकाटपणे जेवायचा, मुकाटपणे झोपायचा. आक्का दोनदा येऊन बडबडून गेली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

घर गप्प झालं. बायकोला आता कळलं, की आपलं पहाटेचं मौन इतकी वर्षं सोपं का होतं. पलीकडच्या खोलीत दाढी करताना तो मोठमोठ्याने कुणाची तरी नक्कल करत असायचा. आता त्या मौनात ती देवाशी घासाघीस करायला लागली होती. एवढा एक आवाज परत दे. सगळा नको, अर्धा दे.

संध्याकाळी रोज शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं हाही नेमच होता. तो वाचायचा आणि ती ऐकता ऐकता कपड्यांची तुटलेली बटणं शिवायची. आता ती वाचायची आणि तो भिंत बघायचा. त्या दिवशी जन्माचा भाग आला. बाळाला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, इथे ती थांबली. तिने चष्मा काढला.

"अहो," ती म्हणाली, "हे बाळ बोलायला कधी लागलं असेल हो?"

भोंग्याने मान वळवली.

"म्हणजे बघा ना. ज्याच्या एका बोलाने उजेड झाला, त्याला आईला 'आई' म्हणता येत नव्हतं. भूक लागली की भोकाड पसरायचं, संपलं. मग त्या माउलीने एकेक शब्द शिकवला असेल. भलताच शब्द आला असेल. ती हसली असेल." तिचा आवाज जरा ओला झाला. "मला वाटायचं, देव मोठा म्हणून देव. पण आपल्यासाठी इतकं लहान व्हायची ज्याला लाज वाटली नाही, तोच खरा देव की नाही? त्याला वाटली नाही, आणि तुम्हाला माझ्यापुढे वाटते होय?"

तो भिंतीकडची पाठ फिरवून तिच्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "चप्पल."

ती लगबगीने चहाला उठली. त्याने तिचा पदर धरला, मान जोरात हलवली आणि तिच्या हातातल्या पुस्तकावर बोट ठेवलं.

त्या दिवसापासून सकाळी चार आणि संध्याकाळी चार, अशा आठ ओळी सुरू झाल्या. दोन आवाज एकमेकांना धरून चालायचे, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसांसारखे. कधी ती पुढे जायची, मग मागे यायची. पाचवी ओळ मात्र घाटातल्या गाडीसारखी तिथेच गुरगुरायची.

नाताळाच्या सकाळी तो दारापर्यंत आला आणि मागे फिरला. बुटाची नाडी सोडली. खाली बसून तिने नाडी पुन्हा बांधली.

चर्च भरलेलं होतं. दोघं शेजारी शेजारी पुढे उभी राहिली. पहिल्या चार ओळी पार पडल्या, अडखळत, पण पडल्या. पाचव्या ओळीत रानातले मेंढपाळ आले, आकाश उजळलं, आणि भोंग्याची जीभ अडकली. "मेंढ... मेंढ..." त्याचे कान लाल झाले.

"च्यायला!"

शिवी तुळईपर्यंत घुमली. कुणीतरी खोकलं. भोंग्याने पुस्तक मिटलं. बायकोने त्याचा हात धरला आणि तिच्या मनात आलं, आता हे जे घरी जातील, ते पुन्हा बाहेर पडणार नाहीत.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आक्काचा आवाज आला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं पुटपुटणंही सगळ्यांना ऐकू जातं. "मग काय चुकलं त्याचं? मध्यरात्री डोक्यावर आभाळ फाटलं, तर मेंढपाळ दुसरं काय म्हणणार? सुप्रभात?"

आधी पाळकसाहेब हसले, चष्मा काढून, डोळे पुसत. मग बाकं हसली. बायकोच्या हातातला हात हलायला लागला. तिने घाबरून वर पाहिलं, तर भोंगा हसत होता, खांदे गदगदवत.

त्याने पुस्तक उघडलं. पुढचे शब्द देवदूताचे होते. तिने त्याच्याबरोबर म्हणायला तोंड उघडलं, पण तो तिच्याआधी सुरू झाला होता.

"भिऊ... नका."

ती गप्प राहिली. इतक्या वर्षांत एवढं गोड मौन तिने पाळलं नव्हतं. उरलेल्या ओळी त्यांनी पुन्हा मिळून म्हटल्या, दोनदा चुकून.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वयंपाकघरात होती, प्रार्थना अजून व्हायची होती. आतून हाक आली.

"चप्पल!"

मग स्वतःवरच वैतागलेलं, पण हसरं, "च्यायला."

व्रत होतं, ओ देता येत नव्हती. तिने पातेलं चुलीवर ठेवलं आणि दाराशी येऊन उभी राहिली. उशीला टेकून, डोळे मिटून, तो पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरू करत होता.

"च..."