सातव्या रांगेतल्या दोन फटी

कचेरी म्हणावी तर तीन टेबलं, एक कपाट आणि खिडकीत वाळत चाललेली कुंडी. कारभार मात्र मोठा. दोनशे बारा डेटा सेंटरांनी आपणहून एक आचारसंहिता मान्य केली होती: वीज जपून वापरू, पाणी जपून वापरू, आणि दर वर्षी एक लांबलचक अर्ज भरून काय जमलं, काय नाही ते कळवू. सक्ती कुणावर नाही, दंड तर नाहीच. अर्ज मंजूर झाला की संकेतस्थळावर मिरवायला एक हिरवा बिल्ला मिळे. हे अर्ज तपासणारं माणूस म्हणजे ताई. वय सत्तेचाळीस, चष्मा कायम कपाळावर, आणि अर्जात खोट दिसली की तिथल्या तिथे फोन लावून ‘अहो, हे काय लिहिलंय?’ असं विचारायची सवय. निदान पूर्वी तरी होती.

सव्वादोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तोही याच धंद्यातला. एका डेटा सेंटरात सर्व्हरच्या रांगांना थंड हवा पुरवायचं काम त्याच्याकडे होतं. त्यात स्वभाव असा, की इमारत पेटली तरी आधी बूट नीट बांधेल, त्यामुळे तिथे सगळे त्याला थंडोबाच म्हणत. दिवसभर गारठ्यात उभा राहून घरी आला, की गार हात मुद्दाम तिच्या मानेवर ठेवायचा आणि ती किंचाळायची. दवाखान्यात तिने शेवटचा तो हात धरला तेव्हा तो गार होता, आणि तिच्या मनात आलं, हा तर रोजच असा असतो. ती रडली नाही. आठव्या दिवशी कामावर आली, अर्ज उघडले, खुणा करू लागली. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर कसला! तिला काही वाटतच नव्हतं.

त्याच्या सेंटरचा अर्ज तो भरायचा आणि इकडे ती तपासायची. नवऱ्याचा अर्ज बायकोने तपासू नये, हे एवढ्या शहाण्यासुरत्या मंडळींत कुणाला सुचलं नव्हतं. तो तिला चिडवायचा.

“तुमच्याकडे नुसते कागदी घोडे नाचतात गं. निम्मे लोक मागच्या वर्षीचा अर्ज काढतात, साल बदलतात आणि देतात पाठवून.”

“आणि तुम्ही काय करता?”

“मी खरं लिहितो. म्हणून तर माझा अर्ज सगळ्यांत वाईट!”

ते तिला असं झोंबलं, की तिने समितीला दोन पानी टिपण लिहिलं. अर्ज दर वर्षी कोऱ्या कागदावरून भरून घ्यावा, आणि ज्याची सही आहे त्याला फोन करून विचारावं, बाबा रे, हे तूच लिहिलंस ना? समितीने ‘विचार करू’ म्हटलं आणि टिपण कपाटात गेलं. नवऱ्याने मात्र त्या वर्षी अर्जातल्या शेवटच्या चौकटीत लिहिलं, ‘सातव्या रांगेत दोन फटी उघड्या आहेत. तिथून गरम हवा मागे फिरते. पुढच्या महिन्यात पट्ट्या लावून बुजवतो.’ अर्ज पाठवल्यावर तीन आठवड्यांनी तो गेला.

वर्षभराने त्या सेंटरचा अर्ज आला. खाली त्याची सही, त्याचाच फोन नंबर, आणि शेवटच्या चौकटीत, ‘पुढच्या महिन्यात पट्ट्या लावून बुजवतो.’ कुणीतरी फक्त साल बदललं होतं. खरं तर तिने संतापायला हवं होतं. तिने ते वाक्य दोनदा वाचलं आणि पडद्यावरच्या ‘मंजूर’वर बोट ठेवलं. दुसऱ्या वर्षी तर ती त्या अर्जाची वाट बघत होती. अर्ज येतोय तोवर त्याचं काहीतरी काम शिल्लक आहे, पुढच्या महिन्यात त्याला कुठेतरी जायचं आहे. हे चूक आहे हे तिला कळत होतं, आणि कळूनही तिने बोट ठेवलं.

त्याचा फोन तिने चालू ठेवला होता. घरी ठेवला तर सासूबाई तो दिवसभर हातात धरून बसत, म्हणून ती पर्समध्ये घेऊन फिरे. संध्याकाळी दार उघडल्याबरोबर सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: “त्याचा फोन चार्जिंगला लावलास का?”

मग कचेरीत अर्जांतले आकडे जुळवून बघायला एक नवा माणूस आला, सगळे त्याला आकडेवालाच म्हणू लागले. नवी केरसुणी, चांगली झाडते, म्हणून लोकांनी दुर्लक्ष केलं. पण हा गडी चिवट निघाला. कपाट आवरताना त्याला ताईचं टिपण सापडलं, आणि तो ते नाचवतच समितीच्या बैठकीत आला.

“ताई, हे सोनं तुम्ही कपाटात कसं ठेवलंत?”



अध्यक्ष निवृत्त अभियंते होते, माणूस सज्जन पण भित्रा. “अहो, लोक आपणहून आलेत. पोलिसासारखे फोन करायला लागलो तर उद्या निघून जातील.”

“पाचच फोन करू, साहेब. आत्ता, इथेच, सगळ्यांसमोर. पाचही जण ‘हो, मीच भरला’ म्हणाले तर टिपण फाडून टाकतो.”

त्याने डोळे मिटून छापून काढलेल्या ढिगातून पाच अर्ज ओढले. पहिल्याने फोन उचललाच नाही. दुसरा म्हणाला, “कसला अर्ज?” अध्यक्षांनी घसा खाकरला. तिसरा अर्ज वर आला आणि ताईने तो लांबूनच ओळखला. थांबा म्हणायला तेवढा वेळ होता. तिने पर्स मांडीवर ओढली, एवढंच. टिपण तिचं, नियम तिचा, आणि तो लागू झाला तर ती सही पुन्हा कधी येणार नव्हती.

आकडेवाल्याने नंबर फिरवला. ताईच्या पर्समध्ये फोन वाजू लागला.

“ताई, तुमचा वाजतोय. घ्या, आम्ही थांबतो.”

तिने फोन काढून टेबलावर ठेवला. आकडेवाल्याने स्वतःचा फोन बंद केला, तसा टेबलावरचाही वाजायचा थांबला.

“हा ह्यांचा नंबर,” ती म्हणाली. “हे वारले. सव्वादोन वर्षं झाली.”

“पण ताई, सही तर या वर्षीची...”

“हो. मागच्या वर्षीचीही आहे. दोन्ही मीच मंजूर केलेत. माझ्यावर जी कारवाई करायची ती करा.”

कारवाई कुणी केली नाही. अध्यक्षांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि नियम दहा मिनिटांत मंजूर झाला. त्या सेंटरला पत्र तिनेच टाइप केलं: मागील अर्ज रद्द, नव्याने भरून पाठवावा, भरणाऱ्याने स्वतः सही करावी. हात चालत होते. तपासणी मात्र यापुढे आकडेवाल्याकडे गेली.

महिन्याभराने अर्ज आला. निम्म्या उत्तरांपुढे ‘नाही’ लिहिलं होतं. आकडेवाल्याने तो तिच्या टेबलावर ठेवला. खाली कुणा अनोळखी बाईची सही होती, आणि शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘सातव्या रांगेतल्या दोन फटी आज बुजवल्या. पट्ट्या आधीच कुणीतरी मापाने कापून, नंबर टाकून कपाटात ठेवल्या होत्या.’

तिने घरी जाऊन चप्पल काढली.

“त्याचा फोन लावलास का चार्जिंगला?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, त्यांच्या ऑफिसात दोन फटी बुजवायच्या राहिल्या होत्या. आज बुजवल्या. पट्ट्या ह्यांनीच कापून ठेवल्या होत्या.”

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग हात पुढे करून तिच्या पर्समधला फोन घेतला, पदराने पुसला आणि कपाटात ठेवून दार लावलं.

“चला,” त्या म्हणाल्या, “झालं एकदाचं त्याचं काम.”

ताई तिथेच, दारात, खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली.