कोरं वर्तुळ

कळसचे आबाजी सोयरिकी जुळवायचे. कुणाच्या आजोळी फेफरं, कुणाची आत्या नांदली नाही, सगळं तोंडपाठ. दुसऱ्याच्या घरातलं व्यंग त्यांना वेशीवरूनच दिसे. स्वतःच्या डोक्यावरच्या सात गाठी मात्र पटक्याखाली सुखात होत्या.

त्र्याण्णव साली थोरली बहीण दगडाबाई हिच्या गाठी कपाळावर उतरल्या, तेव्हा तिला घेऊन ते बारामतीला कातडीच्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंकडे गेले. बाईंनी त्यांनाही पटका काढायला लावला.

"घामाच्या ग्रंथींच्या गाठी आहेत. साध्या आहेत, पण खोट बीजातली, पिढीजात. नेमकी कुठं, ते अजून शोधतायत. एखाद्या गाठीत पुढं आणखी खोट पडली, तर ती उलटते, कॅन्सर होतो. घरात कुणाकुणाला आहेत ते सांगा. त्यांना मी दर वर्षी तपासायला बोलवीन."

बाई कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ काढू लागल्या. गाठवाल्याचं काळं करायचं. आबाजींना हा खेळ मानवला. आजा, चुलता, मेलेली आत्या करत चार पिढ्या त्यांनी एका दमात उभ्या केल्या.

"आबा, वंशावळ सांगणाऱ्या हेळव्याला मागं टाकाल," बाई हसल्या. त्यांनी आबाजींच्या चौकोनाखाली एक वर्तुळ काढलं. "आणि ही तुमची लेक?"

मनिषाच्या कानामागं हरभऱ्याएवढी गाठ होती. पण अंथुर्ण्यात तिची सुपारी फुटून आठच दिवस झाले होते, आणि दाराबाहेरच्या बाकावर अंथुर्ण्याचीच दोन माणसं बसलेली.

"तिला काय न्हाय. आईवर गेलीय."

वर्तुळ कोरं राहिलं. घरी येऊन आबाजींनी लेकीला बजावलं, "गाठीचं सासरी कुणाला कळता कामा न्हाय."

दर वर्षी दवाखान्याचं कार्ड यायचं. दगडाबाईला, आबाजींना, चुलतभावाला. मनिषाला यायचं कारणच नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली ती गाठ लिंबाएवढी झाली, चिघळली. मनिषा पदर घट्ट ओढत राहिली. शेवटी उशीवर रक्त दिसलं, तेव्हा सासू गोजरबाई तिला बारामतीला घेऊन आली. तपासणीचा निकाल लागायच्या दिवशी आबाजीही एसटीनं पोचले.

"उलटलीय," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "मानेतही उतरलीय. पुण्याला न्या. कधीपासून होती?"

मनिषानं बापाकडं पाहिलं.

"लग्नाआधीपासनं," आबाजी पुटपुटले.

बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. "वर्षापूर्वी दाखवली असती, तर इथंच काढली असती."

मनिषा चिठ्ठीसाठी आत थांबली. बाहेर आबाजींना विहिणीकडं बघवेना. "आमी फसवलं तुमाला."

"कसलं फसवलं, पाव्हणं? हळद उतरवताना न्हाऊ घातलं, तवाच हाताला लागली की. पोर अशी आक्रसली! म्हटलं, इचारलं तर माहेरचं नाव खाली जाईल. तवाधरनं तिच्या डोक्याला हातच लावला न्हाय मी."

"अन् सोयरीक?"

"हरभऱ्यायेवढ्या गाठीपायी मोडती व्हय? अवो, सगळ्या तालुक्याच्या सोयरिकी करता, अन् माणसं वळखत न्हाय तुमी?" टोमणा मारता मारता गोजरबाईनं डोळ्याला पदर लावला. "मी तरी काय केलं? मीबी गप्पच बसले."

मनिषा बाहेर आली. आबाजी लगबगीनं उठले. "पुण्याला मी येतो संगं."

"नगं, आबा. सासूबाई हायत."

"अगं, पर..."

"तितंबी इचारतील, घरात कुणाला हाय, कुणाला न्हाय." ती चिठ्ठीची घडी घालत होती. "तुमी जवळ असला की माझ्यानं बोलवत न्हाय."